मोजलेले पक्षी, न मोजलेली माणसे

मराठीतील निसर्गलेखनाला आज वाचकांची वाण नाही. पक्ष्यांविषयीची पुस्तके घरोघरी दिसतात, दिवाळी अंकांत एखादा अरण्यलेख हमखास असतो, आणि हिवाळ्यात एखाद्या तळ्याकाठी दुर्बिणी घेऊन जाणाऱ्यांची संख्याही वाढली आहे. या लेखनाविषयीची समीक्षा मात्र कौतुकाच्या पलीकडे सहसा जात नाही. भाषा चित्रमय आहे, निरीक्षण सूक्ष्म आहे, लेखकाचे निसर्गावर प्रेम आहे, एवढे म्हटले की समीक्षकाचे काम संपते. कथा-कादंबरीला आपण जो प्रश्न विचारतो तो या लेखनाला विचारायचे आपल्याला सुचत नाही. येथे जे दाखवले आहे ते पुरेसे खरे आहे काय, आणि जे गाळले आहे ते का गाळले आहे, असा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न हवेत विचारण्यापेक्षा एका पाण्याच्या काठावर उभे राहून विचारणे बरे. राजस्थानातील भरतपूरजवळचे केवलादेव हे त्यासाठी योग्य स्थळ आहे. भारतातील पाणपक्ष्यांचे हे सर्वांत प्रसिद्ध आश्रयस्थान. गेल्या शंभराहून अधिक वर्षांत त्याच्याविषयी विपुल लिहिले गेले. त्यातील तीन लेखनांचा येथे विचार करायचा आहे. पहिले दगडावर कोरलेले आहे, दुसरे एका थोर पक्षिशास्त्रज्ञाचे आत्मचरित्र आहे, आणि तिसरा एक शास्त्रीय अहवाल आहे. तिघांतही गणती आहे. कोणी काय मोजले आणि कोणाला मोजले नाही, हे पाहत गेलो की निसर्गलेखनाच्या समीक्षेला एक कसोटी सापडते, असे मला वाटते.

प्रथम त्या पाण्याची ओळख करून घेऊ. केवलादेवचे राष्ट्रीय उद्यान जेमतेम एकोणतीस चौरस किलोमीटरचे, म्हणजे पायी सहज फिरता येईल एवढे. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या पुराचे पाणी जिथे पसरे अशा सखल भागात ते वसले आहे. अठराव्या शतकात भरतपूरचा जाट राजा सूरजमल याच्या काळात अजान बांध घातला गेला आणि पुराला वळण लागले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानाने छोटे बांध, कालवे आणि झडपा बांधून या खोलगट जमिनीचे अनेक कप्पे पाडले. पावसाळ्यात अजान बांधाचे पाणी कालव्याने आत येते, त्याच्याबरोबर माशांची पिले येतात, आणि मग पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाक, बगळे, पाणकावळे घरटी बांधू लागतात. मारुती चितमपल्ली यांनी अशा वसाहतीला ‘सारंगागार’ हा सुंदर शब्द दिला आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके आणि हंस उतरतात. साडेतीनशेहून अधिक जातींचे पक्षी येथे नोंदले गेले आहेत. हे सारे वैभव माणसाने अडवलेल्या, वळवलेल्या आणि दर वर्षी हाताने सोडलेल्या पाण्यावर उभे आहे. जे निसर्गाचे देणे म्हणून आपण पाहायला जातो त्याच्या पायात मातीच्या टोपल्या वाहणाऱ्यांचे श्रम आहेत, ही गोष्ट वाचकाने पुढील विवेचनात मनाशी धरून ठेवावी.

पहिले लेखन केवलादेवाच्या देवळाजवळ आहे. तेथील दगडी पाट्यांवर १९०२ पासूनच्या शिकारींची नोंद कोरलेली आहे. तारीख, पाहुणा, बंदुकांची संख्या आणि पडलेल्या पक्ष्यांची संख्या, एवढाच मजकूर. विशेषण नाही, क्रियापद नाही. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. आज या पाट्यांसमोर उभे राहणारा पर्यटक हळहळतो. ते स्वाभाविक आहे. परंतु लेखन म्हणून पाहिले तर या पाट्यांत एक प्रामाणिकपणाही आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यांना आपण जे केले ते लपवायचे नाही. उलट, ते मिरवायचे आहे, आणि मिरवण्यासाठी त्यांनी काटेकोर मोजले आहे. त्या आकड्यांवरून त्या काळी तिथे केवढे पक्षी उतरत असतील याचा अंदाज आज अभ्यासकही करतात. मात्र ज्यांनी पाण्यात उतरून ते ४,२७३ पक्षी गोळा करून आणले, हाका घातला, मचाणे बांधली, त्यांचा उल्लेख पाटीवर नाही. पाटीला यजमान आहे, पाहुणा आहे आणि पक्षी आहे. चौथा कोणी नाही.

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. १२ नोव्हेंबर ही सलीम अली यांची जन्मतारीख. त्यांचा जन्म १८९६ सालचा. म्हणजे केवलादेवच्या त्या सर्वांत मोठ्या संहाराच्या दिवशी, पुढे त्याच पाण्याचा सर्वांत मोठा रक्षक ठरलेला हा माणूस बेचाळीस वर्षांचा झाला.

त्यांचे आत्मचरित्र ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ १९८५ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या एका पोरक्या मुलाने एअरगनने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून तो चकित झाला, आणि ती कोणती म्हणून विचारायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात गेला, ही हकीगत आता सर्वांना ठाऊक आहे. पुस्तकाचे नाव त्या चिमणीवरून आले. याच पुस्तकात त्यांनी आपली बालपणीची आणखी एक नोंद दिली आहे. एका घरट्याच्या दाराशी बसणारा चिमणा त्यांनी मारला, तर मादीने दुसरा नर आणला. असे सात दिवसांत आठ नर मारून झाले. मुलाच्या हातून झालेली ही हत्या झाकून ठेवावी असे म्हाताऱ्या सलीम अलींना वाटत नाही. तिच्यात एका निरीक्षकाचा जन्म आहे, असे ते कोरड्या विनोदाने सुचवतात. हा कोरडेपणा हाच त्यांच्या गद्याचा मोठा गुण. पक्ष्यांवर आयुष्य वेचलेला हा माणूस पक्ष्यांविषयी गहिवरत नाही. स्वतःच्या बंदुकीची लाज बाळगत नाही आणि फुशारकीही मारत नाही. मराठी निसर्गलेखनात भावनेचा जो ओलावा कधीकधी अति होतो, त्यावर हे पुस्तक उत्तम उतारा आहे.

भरतपूरच्या बाबतीत त्यांचे ऋण केवढे आहे हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर संस्थान गेले, राजाची शिकार लोकांच्या डोळ्यांवर आली, आणि ही दलदल कोरडी करून जमीन नि पाणी शेतीला द्यावे अशी मागणी जोर धरू लागली. ती मागणी अन्याय्य होती असे म्हणता येणार नाही. सलीम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत शब्द टाकला आणि तळे वाचले. १९५६ साली ते पक्षी अभयारण्य झाले. पुढे १९६० च्या आसपासपासून सोसायटीने तेथे हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांच्या प्रवासाचा अभ्यास केला. पूर्वी मेलेले पक्षी मोजले जात, आता जिवंत पक्षी मोजले जाऊ लागले. हे पक्षी पकडण्याचे कसब बिहारमधील मीरशिकार या पारंपरिक पारध्यांचे होते. ज्यांचा पिढीजात धंदा पक्षी धरण्याचा, त्यांच्या बोटांवाचून हे शास्त्र एक पाऊलही पुढे गेले नसते.

आणि तरीही या आत्मचरित्रातून बाहेर पडल्यावर मनात राहतात ती चित्रे संस्थानिकांची, गोऱ्या अधिकाऱ्यांची, संग्राहकांची, विक्षिप्त विद्वानांची. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन आठवतो, लोक वान थो आठवतो. ज्या गावाच्या तळ्यावर पक्षी होते त्या गावचा माणूस तितक्या ठसठशीतपणे आठवत नाही. ही त्या लेखकाची दुष्टता नव्हे. ती त्या पिढीची, त्या वर्गाची आणि त्या लेखनपरंपरेची दृष्टी आहे. पक्षी पाहणाऱ्याच्या दुर्बिणीच्या चौकटीत गुराखी आला तर तो चौकट बिघडवतो, असे मानणारी ती दृष्टी आहे.

या दृष्टीची किंमत १९८२ साली मोजावी लागली. १९८१ च्या १ ऑक्टोबरला केवलादेव रामसर कराराच्या यादीत आले. ओडिशातील चिल्का सरोवर आणि हे तळे अशी भारताची पहिली दोन नावे त्या यादीत एकाच दिवशी लागली. १९८२ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मनाई आहे. गुरांमुळे पाणथळीची हानी होते, असे त्या काळच्या बहुतेक तज्ज्ञांचे मत होते, आणि गुरे बाहेर काढावीत या मताच्या मागे सलीम अलींचे वजन उभे होते. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यात चरत आल्या होत्या. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना अचानक बंदी झाली. पर्यायी कुरणांची नीट सोय नव्हती. गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला, गोळीबार झाला आणि माणसे मेली. बहुतेक नोंदींत हा आकडा सात आहे.

शिकारीच्या त्या पाट्या १९६४ साली संपतात. त्यामुळे हा आकडा त्यांच्यावर असण्याचा प्रश्नच नाही. पण आपल्या निसर्गलेखनात तो किती ठिकाणी आहे? भरतपूरच्या पहाटेची, धुक्यातून उठणाऱ्या हंसांची, सारसाच्या जोडीची वर्णने भारतीय भाषांत शेकड्यांनी सापडतील. त्या पहाटेच्या पाण्यावर कोणते सावट आहे हे सांगणारे लेखन शोधावे लागते.

येथवर ही गोष्ट माणूस विरुद्ध पक्षी अशी वाटेल, आणि हळव्या मनाचा वाचक म्हणेल की दोघांपैकी एकाचे नुकसान व्हायचेच होते. तिसरे लेखन हा समज मोडते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० ते १९९० अशी दहा वर्षे केवलादेवच्या परिसराचा अभ्यास केला. त्याचे सूत्रधार डॉ. व्ही. एस. विजयन होते. गुरेबंदी या काळाच्या आरंभीच आल्यामुळे बंदीपूर्वीचे आणि बंदीनंतरचे तळे या अभ्यासकांना आपोआपच पाहायला मिळाले. त्यांना आढळले ते असे. म्हशी गेल्यावर पास्पॅलम जातीचे पाणगवत बेसुमार वाढले. त्याने उघडे पाणी झाकून टाकले. बदकांना आणि मासे टिपणाऱ्या पक्ष्यांना मोकळे पाणी लागते, ते कमी झाले. माशांवर परिणाम झाला आणि पक्ष्यांची संख्या घटली. म्हैस चरताना गवत खाई, तुडवी, चिखल ढवळी, शेण टाकी, आणि त्यानेच ही उथळ पाणथळ मोकळी राहत असे. ज्या जनावराला तळ्याचा शत्रू समजून हाकलले, ते तळ्याच्या कामगारांपैकी एक होते.

या अहवालाची भाषा रुक्ष आहे. त्यात कोष्टके आहेत, वजने आहेत, गवताच्या जाडीची मापे आहेत. तरीही वाङ्‌मयीन मूल्याच्या दृष्टीने मला तो आपल्या अनेक ललित पुस्तकांहून सरस वाटतो. त्याचे कारण नैतिक आहे. ज्या संस्थेचे सलीम अली हे सर्वस्व होते त्याच संस्थेच्या अभ्यासकांनी, त्यांच्याच मताविरुद्ध जाणारे निष्कर्ष छापले. जे मनाशी धरले होते ते डोळ्यांना दिसले नाही, तेव्हा त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला. वास्तववादी कादंबरीकाराकडून आपण हीच अपेक्षा करतो. अहवालानंतर गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची वाट अधिकृतपणे खुली राहिली. पुढे वेड्या बाभळीने उद्यानाच्या कोरड्या भागात ठाण मांडले, तेव्हा ती मुळासकट काढण्याचे काम आसपासच्या गावांच्याच समित्यांनी केले आणि लाकूड त्यांना मिळाले. भरतपूरचे सायकलरिक्षावाले तर आज उद्यानाचे उत्तम पक्षिदर्शक आहेत. पक्ष्यांची नावे त्यांना इंग्रजीतही येतात आणि बोलीतही. परंतु म्हशी परतल्या नाहीत, आणि मेलेली माणसे तर परतणारच नव्हती.

यातून समीक्षेला काय मिळते? पहिली गोष्ट म्हणजे वाक्याचा कर्ता. निसर्गलेखनातील वाक्ये तपासली तर तळे ‘असते’, पाणी ‘येते’, गवत ‘वाढते’, पक्षी ‘उतरतात’. सगळी क्रियापदे अकर्मक. झडप उघडणारा माणूस वाक्यात नसतो, म्हणून पाणी न आल्यास दोष कोणाचा हेही वाक्याला सांगता येत नाही. पाणी न येण्याची वेळ तर केवलादेववर आलीच. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले, आणि २००४ साली तेथील शेतकऱ्यांच्या आंदोलनापुढे उद्यानासाठी पाणी सोडता आले नाही. पाणी न मिळालेल्या वर्षी चित्रबलाक घरटी बांधत नाहीत. त्यानंतर गोवर्धन कालव्याचे आणि चंबळचे पाणी नळाने आणण्याच्या योजना झाल्या. नदीच्या पुरासोबत जे मासे आणि जे पोषण येत असे ते नळातून येत नाही, ही अभ्यासकांची तक्रार आहे. अकर्मक क्रियापदांत ही कहाणी लिहिता येत नाही. तिला धरण बांधणारे, पाणी मागणारे, पाणी नाकारणारे असे कर्ते लागतात. आणि पांचनाचा शेतकरी खलनायक नाही, हे सांगण्याइतकी समज लेखकाला लागते. भरतपूरच्या गुराख्यासाठी न्याय मागायचा आणि करौलीच्या शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे व्हायचे, हे संगत होणार नाही.

दुसरी गोष्ट शोकाची आहे. सायबेरियन क्रौंच हा शुभ्र पक्षी हिवाळ्यात भारतात केवलादेवला येत असे. १९६० च्या दशकात त्यांची संख्या दोनशेच्या घरात होती. २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटची जोडी दिसली आणि नंतर कोणी आले नाही. त्याविषयी लिहिताना लेखणी आपोआप विलापाकडे वळते. पण अफगाणिस्तानापर्यंतच्या त्याच्या वाटेवरची शिकार, आटलेली पाणथळ ठिकाणे, युद्धे, यांचा हिशेब न मांडता केलेला विलाप शेवटी लेखकाच्या स्वतःच्या हळवेपणाचे चित्र ठरतो. पक्षी गेला हे त्यात येते, कसा गेला हे येत नाही. असा शोक वाचकाला शुद्ध करतो की केवळ सुखावतो, हे समीक्षकाने विचारले पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल. ललित लेखनाकडून समाजशास्त्राची मागणी का करावी? पहाटेच्या हंसांचे वर्णन करणाऱ्याने गोळीबाराचाही अहवाल द्यावा काय? आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक लेखाने सारेच सांगावे असा आग्रह धरला तर ललित गद्याचा श्वास कोंडेल. माझे म्हणणे इतकेच की वगळणे आणि न दिसणे यांत फरक आहे. ज्याला गुराखी दिसला आहे, त्याने वगळूनही लिहिलेल्या लेखात त्याची चाहूल राहते. ज्याला तो दिसलाच नाही त्याच्या सुंदर वाक्यांनाही एक पोकळपणा येतो.

मराठीत याची चांगली उदाहरणे नाहीत असे नाही. २०२५ साली निवर्तलेले चितमपल्ली हे या परंपरेचे सर्वांत मोठे नाव. त्यांच्या लेखनावर गूढाची छाया कधीकधी दाट होते, आणि वनखात्याचा अधिकारी म्हणून त्यांच्या हाती असलेल्या सत्तेचा विचार त्यात फारसा खोल जात नाही. परंतु त्यांनी ज्ञान कोठून घेतले हे कधी लपवले नाही. नवेगावच्या माधवराव पाटलांचे, आदिवासींचे, पारध्यांचे ऋण ते पानोपानी मान्य करतात. ‘शब्दांचं धन’ हे पुस्तकाचे नावच एक कबुली आहे. हे धन त्यांना दुसऱ्यांनी दिले. आणि ज्या नवेगाव बांधाच्या काठी हे सारे घडले तो बांधही निसर्गनिर्मित नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे तेथे सांगतात. तळी बांधणाऱ्या कोहळी समाजाने भंडारा-गोंदियाच्या मुलखात पाण्याचे जे जाळे विणले, त्याच मुलखात आज महाराष्ट्रातील उरलेसुरले सारस टिकून आहेत. भाताची खाचरे, तळे, कोहळी आणि सारस यांना एका वाक्यात बसवता येते, हे चितमपल्लींच्या चांगल्या पानांनी दाखवले आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हणण्याची रीत आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा झाला, त्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी नि बेटे तयार झाली आणि पक्षी आले. २०१९ साली ते महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ ठरले. चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडी ही गावे त्या पाण्याच्या काठावर आहेत. हे टोपणनाव आपण अभिमानाने वापरतो. भरतपूर या नावाबरोबर पहाटेचे हंस येतात, तसे १९८२ सालही येते, याची जाणीव ते वापरताना असावी. पुढे या पाण्याविषयी जो मराठी लेखक लिहील त्याच्यापुढे भरतपूरचा धडा तयार आहे. त्याने चापडगावच्या मनोऱ्यावर चढून पक्षी जरूर मोजावेत. मग खाली उतरून गाळपेरा करणाऱ्याशी आणि जाळे टाकणाऱ्याशी बोलावे, आणि नंतर लिहायला बसावे.

शेवटी पुन्हा सलीम अलींच्या पुस्तकाच्या नावाकडे येतो. चिमणीचे पडणे हा शब्दप्रयोग इंग्रजीत शेक्सपिअरच्या हॅम्लेटमुळे रूढ झाला, आणि शेक्सपिअरने तो घेतला मत्तयच्या शुभवर्तमानातून. आपल्या वाचकांना तो संदर्भ सांगायला नको. बाजारात कवडीमोलाने विकली जाणारी चिमणीही पित्याच्या नकळत भूमीवर पडत नाही, असे प्रभू येशू आपल्या शिष्यांना सांगतो. आपण तेथेच थांबतो, कारण पक्षिप्रेमाला तेवढे वाक्य पुरते. पण येशूचे बोलणे तेथे थांबत नाही. ज्यांना उद्या सत्तेसमोर उभे राहायचे आहे अशा घाबरलेल्या माणसांना धीर देण्यासाठी तो बोलत आहे, आणि त्यांचे मोल अनेक चिमण्यांहून अधिक असल्याचे सांगत आहे. चिमणी मोजली जाते म्हणून माणूसही मोजला जाईल, असा त्या वचनाचा ओघ आहे. केवलादेवच्या काठावर आपण तो ओघ मध्येच तोडला. पक्षी मोजले आणि माणसे राहिली. मग म्हशी गेल्या, पाणी झाकले गेले आणि पक्षीही कमी झाले. हे वचन तोडून वाचता येत नाही, हे दहा वर्षे गवत मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या रुक्ष भाषेत सिद्ध केले आहे. आपल्या ललित लेखकांनी ते आपल्या भाषेत अजून लिहायचे आहे.